घटक ५ : लावणे, जगवणे, राखणे – नाशिकमधील लोकसहभागी हरितकार्य आणि त्याची मराठी

५.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस –
• वृक्षारोपण, सुशोभीकरण आणि संवर्धन या तीन संकल्पनांतील भेद उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• नाशिक परिसरातील स्वयंसेवी हरितकार्याचे स्वरूप आणि त्यातील अडचणी सांगता येतील.
• एखाद्या सामाजिक कार्यासाठी वापरलेल्या शब्दांची रचना तपासून त्या शब्दांमागील गृहीतके ओळखता येतील.

५.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, द्विगू समासाचे उदाहरण म्हणून 'पंचवटी' हा शब्द आपण शाळेत पाठ केलेला आहे : पाच वडांचा समूह ती पंचवटी. हे व्याकरणातील उदाहरण नाशिकमध्ये गोदावरीच्या डाव्या तीरावरील एका गजबजलेल्या वस्तीचे नाव आहे. त्याच शहराला मोगल काळात 'गुलशनाबाद' असे नाव होते. 'गुलशन' म्हणजे फुलबाग. एकाच गावाच्या या दोन नावांत झाडांकडे पाहण्याच्या दोन रीती साठलेल्या आहेत. पहिल्या नावात आधीपासून उभे असलेले, सावली देणारे झाड आहे. दुसऱ्यात माणसाने आखलेली, सजवलेली बाग आहे. जवळच्या गावांची नावेही वृक्षांशी नाते सांगतात. पळसे, वडाळा, पिंपळगाव ही नावे उच्चारताना पळस, वड आणि पिंपळ आपोआप तोंडी येतात.

गेल्या काही दशकांत शहर वाढले, टेकड्या उघड्या पडल्या आणि नागरिकांचे लहानमोठे गट झाडांच्या कामासाठी एकत्र येऊ लागले. कोणी वसाहतीतील मोकळ्या भूखंडावर बाग केली, कोणी वाहतूक बेटे सजवली, कोणी वन विभागाच्या टेकडीवर रोपे लावली. या सर्व कामांना आपण सरसकट 'वृक्षारोपण' म्हणतो. प्रस्तुत घटकात या कामांची ओळख करून घेताना आपण त्यांच्या भाषेकडेही लक्ष देणार आहोत. ज्या कामाला शब्द असतो ते काम मोजले जाते, त्याचे छायाचित्र निघते, त्याला निधी मिळतो. ज्याला ठसठशीत शब्द नसतो ते काम चार-दोन माणसांच्या अंगावर पडते. झाडांच्या बाबतीत हा फरक जगण्यामरण्याचा ठरतो.

५.३ दोन क्रियापदे : 'लावणे' आणि 'जगवणे'

'झाडे लावा, झाडे जगवा' हे घोषवाक्य आपण एसटी स्थानकापासून शाळेच्या भिंतीपर्यंत सर्वत्र वाचले आहे. त्यातील दोन्ही क्रियापदे प्रयोजक आहेत : लागणे–लावणे, जगणे–जगवणे. रूपे सारखी असली तरी त्यांचा काळाशी असलेला संबंध वेगळा आहे. पुढील दोन वाक्ये पाहा.

(अ) आम्ही काल शंभर झाडे लावली.
(आ) आम्ही काल शंभर झाडे जगवली.

पहिले वाक्य सहज वाटते. दुसरे व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही कानाला खटकते. 'लावणे' ही क्रिया एका दिवसात पुरी होते. 'जगवणे' पुरे झाले की नाही, हे सांगायला काही उन्हाळे जावे लागतात. म्हणून 'लावली' हे क्रियापद 'काल' या शब्दाशी जुळते आणि 'जगवली' हे क्रियापद 'चार वर्षे पाणी घालून' अशा शब्दबंधाची अपेक्षा करते. भाषाभ्यासात क्रियापदाच्या अर्थातील या कालविस्ताराला महत्त्व आहे. आपल्या विषयातही तेच महत्त्वाचे ठरते, कारण कार्यक्रमाला तारीख लागते आणि तारीख केवळ 'लावणे' या क्रियापदालाच देता येते.

आपल्याकडील दोन प्रमुख तारखा याच प्रकारच्या आहेत. कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० साली सुरू केलेला वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतो; तोवर महाराष्ट्रात पाऊस बहुधा स्थिरावलेला असतो. ५ जूनचा जागतिक पर्यावरण दिन मात्र पावसाच्या तोंडावर येतो. त्या दिवशी रोप लावायचे तर पाऊस येईपर्यंत पाणी कोण घालणार, हे आधी ठरवावे लागते. 'जगवणे' या क्रियापदाचा कर्ता पहिल्या दिवसापासून निश्चित असावा लागतो, तो असा.

५.४ जगवण्याचे वेळापत्रक

नाशिक जिल्ह्यात पावसाचे मान पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने घटते. त्र्यंबकेश्वर–इगतपुरीच्या डोंगराळ पट्ट्यात ते दोन हजार मिलिमीटरच्या पुढे जाते, नाशिक शहरात सातशेच्या आसपास राहते आणि येवल्याच्या बाजूला पाचशेपर्यंत उतरते. त्यामुळे एका टेकडीवर यशस्वी झालेली पद्धत दुसरीकडे तशीच उपयोगी पडेल असे नाही. तरीही कामाचा वार्षिक क्रम साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो.

एप्रिल–मे महिन्यांत खड्डे खणून ठेवतात. उन्हाने माती तापून निघते. दमदार पाऊस झाल्यावर खड्ड्यात माती व शेणखत भरून रोप लावतात आणि त्याला काठीचा आधार देतात. ऑगस्ट–सप्टेंबरात रोपाभोवतीचे तण काढावे लागते, नाहीतर गवत रोपापेक्षा उंच होते. पावसाळा सरताना आळी करून त्यांत पालापाचोळ्याचे आच्छादन घालतात, त्यामुळे ओल टिकते. हिवाळ्यात जाळरेषा काढायच्या असतात. जाळरेषा म्हणजे गवत काढून मोकळा केलेला पट्टा. वणवा या पट्ट्यापाशी थांबावा, अशी अपेक्षा असते. फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत पाणी घालणे हे एकच काम उरते आणि ते सर्वांत कठीण असते. हा क्रम किमान दोन-तीन वर्षे चालवावा लागतो.

या वेळापत्रकातील 'रोप लावणे' हे काम एका सकाळचे आहे. बाकीचा सगळा काळ ज्या शब्दांनी भरलेला आहे, ते शब्द शेतकऱ्याच्या घरातले आहेत : आळे, आच्छादन, तण, ओल. कार्यक्रमपत्रिकेत ते सहसा दिसत नाहीत. एखाद्या गटाच्या अहवालात हे शब्द किती वेळा आले आहेत, हे पाहिले तरी त्या गटाच्या कामाचा अंदाज येतो.

५.५ 'देवराई' : जुना शब्द, नवी जबाबदारी

नाशिकमधील लोकसहभागाचे ठळक उदाहरण सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर आढळते. 'आपलं पर्यावरण' या संस्थेच्या पुढाकाराने ५ जून २०१५ रोजी नागरिकांनी तेथील वन विभागाच्या जमिनीवर देशी वृक्षांची हजारो रोपे लावली. या जागेला 'देवराई' असे नाव देण्यात आले. पुढील वर्षी, २०१६ मध्ये, म्हसरूळ परिसरात याच धर्तीवर 'वनराई' उभी करण्याचे काम सुरू झाले. 'फाशीचा डोंगर' हे नाव धारण करणाऱ्या टेकडीला आता शहरातील अनेक जण 'देवराई' म्हणून ओळखतात. एका स्थळनामाच्या शेजारी दुसरे स्थळनाम रुजण्याची प्रक्रिया आपल्या पिढीसमोर घडत आहे, हे भाषेच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवावे.

मात्र हा शब्द निवडताना संस्थेने एक मोठी जबाबदारीही स्वीकारली आहे. ती समजण्यासाठी मूळ देवराई म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. सह्याद्रीत आणि कोकणात ग्रामदेवतेच्या नावाने राखलेल्या रानाला देवराई म्हणतात. कोकणात तिला 'देवरहाटी' असाही शब्द आहे. महाराष्ट्रात अशा दोन हजारांहून अधिक देवरायांची नोंद झालेली आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा गावकऱ्यांची श्रद्धा आणि वनस्पतींचे वैविध्य यांचा संबंध अभ्यासकांपुढे स्पष्टपणे आला.

जुन्या देवराईत कोणी झाडे लावत नसे. तेथे नियम होता : कुऱ्हाड चालवायची नाही, अनेक ठिकाणी वाळलेले लाकूडही देवाचा कौल घेतल्याशिवाय उचलायचे नाही. नियमामागे देवतेचा धाक आणि गावाची सहमती या दोन शक्ती उभ्या होत्या. म्हणजे 'देवराई' या शब्दाचा गाभा वृक्षांत जितका आहे, तितकाच बंधनात आहे. ते बंधन गळून पडले तर शब्दाचे केवळ टरफल उरते. महाराष्ट्रात काही ठिकाणी मंदिराचा जीर्णोद्धार करताना भोवतीचे रान विरळ झाले. तेथे देव राहिला, राई गेली.

शहराजवळच्या नव्या देवराईला जुन्या धाकाचा आधार नाही. त्याची जागा घेण्यासाठी तिला तीन गोष्टी लागतात. पहिली, जमिनीच्या मालकाशी, म्हणजे येथे वन विभागाशी, स्पष्ट समझोता. महाराष्ट्रात १९९२ पासून संयुक्त वनव्यवस्थापनाचे धोरण आहे. त्यामुळे लोकसहभागाला शासकीय चौकट मिळालेली आहे. दुसरी, ठरलेल्या दिवशी येणारे स्वयंसेवक. तिसरी, आणि बहुधा दुर्लक्षित राहणारी, शेजारच्या वस्तीची संमती. टेकडीवर पूर्वापार गुरे चारणाऱ्या माणसाला 'येथे आता वन आहे' एवढेच सांगून भागत नाही. त्याचा चारा कोठून येणार, याचे उत्तर द्यावे लागते. गुरे आत सोडण्याऐवजी गवत कापून नेण्याची मुभा देणे हा त्यावरचा एक मान्य उपाय आहे. त्यात गुराख्याला चारा मिळतो आणि वाळलेले गवत कमी झाल्याने वणव्याचा धोकाही घटतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी यशस्वी केली, कारण ती बंदी ग्रामसभेने स्वतःवर घालून घेतली होती. '-बंदी' हा फारसी घटक तोच. बंदी दुसऱ्याने घातली की तिचा अर्थ बदलतो.

आपली प्रगती तपासा – १
'देवराई' या शब्दातील कोणता अर्थघटक नव्या लागवडीत आपोआप येत नाही? तो आणण्यासाठी काय करावे लागते? (पाच-सहा वाक्यांत उत्तर लिहा.)

५.६ कोणते झाड?

सुशोभीकरणात झाडाची निवड त्याच्या रूपावरून होते : लवकर वाढणारे, मोठी फुले येणारे, गुरे तोंड न लावणारे. यांपैकी एखाद्या ना एखाद्या कसोटीवर गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, सुबाभूळ, ग्लिरिसिडिया ही झाडे उतरली आणि महाराष्ट्रभर पसरली. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. बाकीचे तिन्ही अमेरिका खंडातून आलेले. ग्लिरिसिडियाचे नाव भाषेच्या विद्यार्थ्याला विशेष रंजक वाटेल. त्या लॅटिन नावाचा अर्थ 'उंदीर मारणारी' असा आहे आणि मराठीतही त्या झाडाला 'उंदीरमारी' म्हणतात. हे झाड उघड्या टेकडीला चटकन हिरवी करते. परंतु आपल्याकडील कीटक आणि पक्षी यांना त्याचा उपयोग थोडाच होतो.

संवर्धनाची कसोटी वेगळी आहे. त्या झाडावर आणखी कोण जगणार, हा तेथे प्रश्न असतो. उंबराचे उदाहरण घेऊ. उंबराची फुले फळासारख्या दिसणाऱ्या गोलकाच्या आत असतात आणि एका विशिष्ट जातीची चिमुकली गांधीलमाशी आत शिरून परागीभवन करते. ती माशी नसेल तर उंबराला बी धरत नाही. बाहेरून फूल कधीच दिसत नाही. म्हणून क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचे फूल' म्हणतो. हा वाक्प्रचार घडवणाऱ्याने उंबर अनेक ऋतूंत, जवळून पाहिलेला होता. 'पळसाला पाने तीनच' ही म्हणही अशाच निरीक्षणातून आली. देशी झाड नाहीसे झाले की त्याच्यावर जगणारा पक्षी जातो. त्याच्यामागोमाग त्या झाडावर उभा असलेला वाक्प्रचारही हळूहळू कोशात जमा होतो. शहरातील ज्या मुलाने उंबर पाहिलेला नाही, त्याला 'उंबराचे फूल' समजावून सांगावे लागते.

यावरून परदेशी झाड मुळीच लावू नये, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. रस्त्यावरच्या दुभाजकाचे प्रयोजन वेगळे असते आणि टेकडीचे वेगळे. आपण सजावट करीत आहोत की संवर्धन, हे लागवडीपूर्वी स्पष्ट असले पाहिजे, एवढाच मुद्दा आहे.

५.७ '-ईकरण' आणि रिकामी जागा

सुशोभीकरण, हरितीकरण, वनीकरण या शब्दांची घडण पाहा. संस्कृत व्याकरणात याला 'च्वि' प्रत्ययाची रचना म्हणतात आणि तिचा अर्थ 'अभूततद्भाव' असा सांगतात : जे पूर्वी तसे नव्हते ते तसे करणे. (या रचनेत 'ई' दीर्घ असते, म्हणून 'सुशोभिकरण' हे लेखन अशुद्ध ठरते.) म्हणजे 'सुशोभीकरण' म्हणताक्षणी ती जागा आधी शोभिवंत नव्हती असे आपण मान्य करतो, 'वनीकरण' म्हणताना तेथे वन नव्हते आणि असायला हवे, असे गृहीत धरतो.

हे गृहीतक प्रत्येक वेळी खरे नसते. सातबाराच्या उताऱ्यावर लागवडीस अयोग्य क्षेत्राची नोंद 'पोटखराबा' अशी होते. महसुलाच्या दृष्टीने हा शब्द अचूक आहे. परंतु तोच शब्द मनात घेऊन आपण माळावर गेलो, तर तेथे काहीच नाही असे आपल्याला वाटू लागते. येवला तालुक्यातील ममदापूर परिसर काळविटांसाठी संवर्धन राखीव म्हणून घोषित झालेला आहे. काळवीट मोकळ्या गवताळ रानात राहतो. दूरवर दिसणे आणि वेगाने धावणे यांवर त्याचा जीव अवलंबून असतो. अशा माळावर दाट झाडी उभी केली तर आपण त्याचे घर मोडतो. गवत, झुडपे आणि उघडी जमीन हेच तेथील वन आहे. निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर या पाणथळ जागेची गोष्टही अशीच आहे. तेथील चिखल आणि उथळ पाणी पक्ष्यांना हवे असते. २०२० मध्ये ही जागा महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून मान्यता पावली.

नाशिकच्या उत्तरेकडील बोरगडचे उदाहरण या संदर्भात अभ्यसनीय आहे. 'नेचर कॉन्झर्व्हेशन सोसायटी ऑफ नाशिक' या संस्थेने वन विभाग आणि स्थानिक ग्रामस्थ यांच्यासह तेथे काम केले आणि २००८ मध्ये बोरगड हे राज्यातील पहिले संवर्धन राखीव ठरले. येथे लागवड झाली; परंतु त्याबरोबर असलेल्या रानाला संरक्षण मिळाले आणि पक्ष्यांची निरीक्षणेही होत राहिली. 'राखीव' हा शब्द संस्कृत 'रक्ष्' धातूपासून आलेल्या 'राखणे' या मराठी क्रियापदापासून झाला आहे. '-ईकरण'मध्ये नसलेले निर्माण करायचे असते. 'राखणे'मध्ये असलेले ओळखायचे असते. म्हणून राखण करणाऱ्या गटाचे पहिले काम फावडे उचलण्याचे नसते. त्या जागेत आज काय उगवते, कोण राहते आणि पाणी कोठून वाहते, याची एक वर्षभर नोंद ठेवणे हे ते काम होय.

५.८ झाड आणि आकडा

आता आपण या विषयातील वादग्रस्त बाजूकडे वळू. नाशिकच्या तपोवन या भागाच्या नावातच 'वन' आहे. आगामी सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी साधुग्राम उभारताना तेथील झाडे तोडण्याचा प्रस्ताव २०२५ च्या उत्तरार्धात पुढे आला, तेव्हा नागरिकांनी मोठ्या प्रमाणावर हरकती घेतल्या. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा कायदा अशा हरकतींचा मार्ग नागरिकांना देतो. २०२१ च्या सुधारणेने पन्नास वा अधिक वर्षे वयाच्या झाडाला 'वारसा वृक्ष' मानले आणि तोडलेल्या झाडाचे वय जितकी वर्षे, तितकी नवी झाडे लावण्याची अट घातली.

या अटीमागील विचार स्तुत्य आहे. तिने झाडाच्या वयाला कायद्यात स्थान दिले. तथापि आपण ५.३ मध्ये पाहिलेला प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. साठ वर्षांच्या वडाच्या बदल्यात साठ रोपे 'लावता' येतात, आणि हे एका दिवसात होऊ शकते. साठ वर्षे मात्र 'लावता' येत नाहीत. प्रशासनापुढे लाखो यात्रेकरूंच्या सोयीचा खरा प्रश्न असतो आणि नागरिकांपुढे सावलीचा, पाखरांचा व हवेचा खरा प्रश्न असतो. दोन्ही पक्षांना एकमेकांशी बोलायचे तर केवळ रोपांचा आकडा ही भाषा अपुरी पडते. रोपे कोठे लावली, कोणत्या जातीची लावली, त्यांची राखण कोणाकडे आहे आणि तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती उरली, हे चार प्रश्न विचारले तरच आकड्याला अर्थ येतो. स्वयंसेवी गटांनाही हेच प्रश्न लागू आहेत. 'एका दिवसात अमुक हजार' ही भाषा त्यांनीही आवडीने वापरलेली असते.

आपली प्रगती तपासा – २
'जगलेली रोपे' आणि 'लावलेली रोपे' हे दोन आकडे एकत्र दिल्याने अहवालाच्या अर्थात कोणता फरक पडतो?

५.९ सारांश

नाशिकमधील हरितकार्यात वाहतूक बेटांच्या सजावटीपासून बोरगडच्या संवर्धनापर्यंत अनेक प्रकार आहेत. 'लावणे' ही एका दिवसाची, 'जगवणे' ही काही वर्षांची आणि 'राखणे' ही पिढ्यांची क्रिया आहे. 'देवराई' हा शब्द आपल्याबरोबर बंधन घेऊन येतो. '-ईकरण'युक्त शब्द जागा रिकामी असल्याचे गृहीत धरतात. 'राखीव' हा शब्द तेथे आधीच काही आहे याची आठवण देतो. स्वयंसेवी गटाने आपल्या कामासाठी कोणते क्रियापद निवडले आहे, यावर त्या कामाचे आयुष्य बऱ्याच अंशी अवलंबून असते.

५.१० सरावासाठी प्रश्न व उपक्रम

१. 'सुशोभीकरण' आणि 'संवर्धन' यांतील भेद आपल्या परिसरातील दोन जागांच्या आधारे स्पष्ट करा.
२. आपल्या तालुक्यातील वृक्षांवरून पडलेल्या दहा ग्रामनामांची यादी करा. त्यांपैकी किती गावांत तो वृक्ष आज आढळतो, हे वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवा.
३. आपल्या गावात अथवा वसाहतीत तीन वर्षांपूर्वी झालेल्या एखाद्या वृक्षारोपणाच्या जागी एप्रिल महिन्यात जा. जिवंत रोपे मोजा, पाणी घालणाऱ्या व्यक्तीशी बोला आणि तिने वापरलेले शब्द तिच्याच उच्चारात लिहून काढा. प्रमाण मराठीत त्यांना प्रतिशब्द आहेत का, ते पाहा.

तिसरा उपक्रम नोकरी व संसार सांभाळून एका रविवारी करता येण्याजोगा आहे. जाताना पाण्याची एक बाटली जास्त न्यावी.